बिराप्पाच्या पट्टीतला पाणघोडा

पोकलेनची बकेट दरडीत शिरली की आधी माती कुरकुरते, मग मुरूम खरखरतो आणि काळा दगड लागला की यंत्राचं सगळं अंग थरथरतं. गेले सहा दिवस तानुबाई हे आवाज ऐकत होती. ओढा खोल करायचं काम वरच्या शिवारापासून सुरू झालं होतं, आणि गारळेवाडीतली निम्मी माणसं रोज बघायला जात तशी तीही जाई. मंगळवारी यंत्र तिच्या स्वतःच्या पट्टीत आलं. सकाळी दहाच्या सुमाराला जो आवाज आला तो या तिन्हींपैकी नव्हता. भाजलेल्या रांजणावर पाय पडावा, तसा तो होता.

"थांब रं! दिग्या, थांब!"

यंत्रावर तिचा मुलगाच होता. दिग्विजयनं मेंढरं कधी वळली नाहीत. एकोणिसाव्या वर्षी तो यंत्र शिकला आणि आता आटपाडीच्या मानसिंगच्या पोकलेनवर होता. त्यानं बकेट वर धरली आणि खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं, आये?"

"काय तरी फुटलं."

"दगूड आसंल."

"दगूड न्हाई. खाली उतर."

दरडीत, तिच्या छातीएवढ्या उंचीवर, पिवळ्या मातीतून एक तपकिरी कड बाहेर आली होती. बकेटच्या दातानं तिचा टवका उडवला होता. तानुबाईनं पदरानं माती झटकली. खाली एक दात होता. मग दुसरा. एकेक दात तिच्या मुठीएवढा.

तिनं सवयीनं दातावरून अंगठा फिरवला. बाजारात मेंढरू घेताना आधी ओठ वर करून दात बघायचे, हे तिला बापानं शिकवलं होतं. दोनदाती, चौदाती, सहादाती आणि मग जुळलेलं, म्हणजे पुरत्या वयाचं.

"म्हातारं हुतं," ती म्हणाली. "दात घासल्यात बघ."

"कोन म्हातारं?"

"मला काय ठावं? जे कोन हाय ते."

दिग्विजयनं मोबाइलवर दोन फोटो काढले आणि गावाच्या ग्रुपवर टाकले. शाळेच्या गुरुजींनी ते कुणाला तरी पाठवले, त्यानं आणखी कुणाला. तासाभरात दिग्विजयला कराडहून एका मुलीचा फोन आला. मशीन थांबवा, मी निघालेय, एवढंच ती म्हणाली.

थांबवा म्हणायला काय जातंय, असं तानुबाईच्या मनात आलं. यंत्र गावाला दहा दिवसांसाठी मिळालं होतं. ओढ्याकाठच्या प्रत्येकाला दोन दिवसांची पाळी. मंगळवार-बुधवार तिच्या नवऱ्याची, बिराप्पाची, त्याच्या खालच्या अंगाला सुभेदार सयाजीची गुरुवार-शुक्रवार, आणि शुक्रवारी दिवस मावळला की यंत्र ट्रेलरवर चढून पुढच्या गावाला जाणार. पट्टीत मोठा डोह पडला तर वरची कोरडी विहीर पाझरेल. विहीर पाझरली तर दोन वाफे मका, चाऱ्याला थोडं कडवळ. म्हणजे निम्मी मेंढरं घरी राहतील आणि त्यांच्यामागं एक माणूस घरी राहील.

ते माणूस आपण असावं, असं तिच्या मनात होतं. तीस वर्षं ती दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कृष्णाकाठाला उतरत होती. रहिमतपूर, कराड, आष्टा. लोकांच्या उसाच्या फडाकडेला मेंढरं बसवायची आणि जेठात परत यायचं. दिग्विजय रहिमतपूरच्या एका रानात, घोंगडीच्या आडोशाला जन्मला. तिसऱ्या दिवशी त्याला पाटीत घालून ती चालायला लागली होती. आता सून राणी सातव्या महिन्यात होती. नातवंड घरी वाढावं आणि आपण त्याच्यापाशी असावं, एवढंच तिला यंत्राकडून हवं होतं. नवरा आष्ट्याहून निघाला होता, मेंढरं घेऊन अजून वाटेवर.

तीनच्या सुमाराला मोटारसायकलवरून ती मुलगी आली. क्रांती तिचं नाव. मूळची रहिमतपूरची, कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. पंचविशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, पाठीवर मोठी पिशवी. कुणाशी काही न बोलता ती दरडीपाशी गेली, पडलेला टवका उचलला, पुसला आणि त्याला जीभ लावली.

राणीनं तोंडावर पदर धरला. "आत्ती, तिनं हाड चाटलं!"

"चिकटतंय," क्रांती हसून म्हणाली. "जुन्या हाडाला बारीक भोकं असतात. ओली जीभ धरून ठेवतं. साधा दगड धरत नाही. बघता?"

राणी दोन पावलं मागं सरली. तानुबाईनं मात्र तुकडा घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि जिभेला लावला. लहान वासरानं जिभेनं बोट ओढावं तसं त्यानं ओढलं.

"व्हय की गं," ती म्हणाली. "कुनाचं हाय ह्ये?"

"फोटोत दात बघितला तेव्हाच वाटलं होतं. हे बघा, दात झिजल्यावर वर काय दिसतंय?"

दाताच्या माथ्यावर तीन पाकळ्यांची नक्षी होती. बेलाचं पान ठेवल्यासारखी.

"असा दात पाणघोड्याचा असतो. मावशी, हा खालचा जबडा आहे. बहुतेक अख्खा."

पाणघोडा तानुबाईनं टीव्हीवर पाहिला होता. नाकापर्यंत पाण्यात बसलेलं, म्हशीसारखं, पण म्हैस नव्हे. तिनं ओढ्याकडं बघितलं. त्यात गेल्या भाद्रपदापासून टिपूस नव्हता.

"दोन दिवस लागतील," क्रांती म्हणाली. "हातानं सोडवायला. पंचायतीचं पत्र मी घेते. पण रान तुमचं आणि पाळी तुमची. तुम्ही नाही म्हणालात तर फोटो काढून, मापं घेऊन जाईन. भांडणार नाही."

दिग्विजयनं आईकडं बघितलं. "आये, दोन दिस म्हंजे आपली पाळीच ग्येली."

तानुबाईनं जबड्याकडं बघितलं. मेंढी अडली आणि कोकरू अर्धं बाहेर आलं, की ते हिसकायचं नाही आणि मागंही ढकलायचं नाही. हात तेलात बुडवून बसायचं, मग रात्र होवो की पहाट. हे तिनं कितीदा केलं होतं. जबडा निम्मा बाहेर होता.

"अर्दं भाईर आल्यालं चिरडता येत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मी आबाकडं जाऊन येते. पाळी बदलून मागते."

"कुनाकडं? सयाजी आबाकडं?" दिग्विजय म्हणाला. "त्यो दील व्हय!"

सुभेदार सयाजी ओसरीवर डाळिंबाच्या फवारणीचा पंप उघडून बसला होता. तीन वर्षांमागं बिराप्पाची मेंढरं त्याच्या मक्यात शिरली, तेव्हा त्यानं अकरा मेंढरं कोंडवाड्यात घातली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. तानुबाई पायरीखाली उभी राहिली. त्यानं पंपाचा वायसर काढला, फुंकला, परत बसवला. मग वर बघितलं.

"काय तानुबाई?"

"आबा, पाळी बदलून पायजे हुती. उद्या-परवा तुमी मशीन घ्या. आमी मागनं घेऊ."

"का बरं?"

"हाड घावलंय. जुनं. त्ये काडाय दोन दिस लागत्यात."

"हाड!" सयाजी मोठ्यानं हसला आणि आतल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आवं, ऐकलं का, धनगरनीला हाड घावलंय! चोवीस वर्सं फौजेत काडली, तानुबाई. हाडापायी मशीन थांबल्यालं कदी बगितलं न्हाई."

ती पायरीखालीच उभी राहिली. त्यानं तिला बस म्हटलं नाही.

"घेतो की," तो म्हणाला. "माझं उरकलं की शुक्रवारी तुमचं."

"सकाळीच ना, आबा?"

"उरकल्यावर."

बुधवारी उजाडताच क्रांतीनं काम सुरू केलं. बारीक छन्नी, रंगाचा ब्रश, सुया. तानुबाई माती भरून पाटी वर देत होती. शेजारच्या पट्टीत दिग्विजयचं यंत्र सयाजीसाठी घरघरत होतं. क्रांती प्रत्येक तुकडा होता तसाच ठेवून त्याचं चित्र काढायची, दिशा लिहायची, माप लिहायची आणि मगच हात लावायची.

"एवडं लिवून काय करायचं?" तानुबाईनं विचारलं.

"हाड नुसतं हाड असतं, मावशी. ते कुठं होतं, कसं पडलं होतं, खाली काय, वर काय, ते कळलं तर ते बोलतं. जागेवरून हललं की निम्मं मुकं होतं."

अकराला क्रांतीच्या लक्षात आलं की आणलेलं प्लास्टर पुरणार नाही. जबडा उचलण्याआधी त्यावर गोणपाट आणि प्लास्टरचं कवच चढवावं लागतं, नाहीतर उचलताना चुरा होतो. "मी दहिवडीला जाऊन चारपर्यंत येते," ती म्हणाली. "यावर सावली राहू द्या. पाणी मारू नका. बाकी कशालाही हात लावू नका."

"न्हाई लावत."

ती खरंच लावणार नव्हती. पण दीडच्या सुमाराला ओढ्यातून वावटळ आली आणि चार काठ्यांवर बांधलेली चादर उडवून पार बाभळीवर घेऊन गेली. तानुबाई चादर सोडवून परत आली तोवर ऊन थेट हाडावर पडलं होतं. हजारो वर्षं ओलीत राहिलेलं ते. तिच्या देखत त्यावर केसासारखी रेघ उमटली, लांबली आणि बारीक कटकट आवाज आला. जबड्याचा पुढचा भाग, सुळ्याचा, खचला. त्याचे तीन तुकडे झाले. एक घरंगळून तिच्या पायापाशी आला.

गारळेवाडीत मेंढराचा पाय मोडला की तानुबाईला बोलावणं येई. आजूबाजूच्या वाड्यांतूनही येई. मोडलेलं हाड उघडं टाकून सावलीला बसणं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

"राणी! उडदाचं पीठ आन. दोन अंडी. आन् भिंतीवरली लोकर."

"आत्ती, तिनं नगं म्हटलंय न्हवं?"

"आन म्हंते ना!"

तिनं तुकडे हातात घेऊन फिरवले, कडा बोटांनी चाचपल्या. कुठली कड कुठल्या कडेची, हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळत होतं. अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेलं पीठ कडांना लावून तिनं तुकडे जुळवले, भोवती लोकर गुंडाळली, मोडक्या दुरडीच्या कामट्या लावल्या आणि सुतळीनं आवळलं. सुटं टोक दातानं तोडलं. मग चादर परत बांधून ती तिथंच बसली.

साडेचारला क्रांती आली. तिनं कामट्या बघितल्या आणि प्लास्टरची पिशवी खाली ठेवली. मातीतच बसली. राणी घराकडं निघून गेली.

"मावशी, सांगितलं होतं ना."

"चादर उडाली. फुटाय लागलं. मला बगवंना."

"तुकडे जागेवरून हलले. आणि फटीत पीठ गेलं. ते काढायला मला महिना लागेल, आणि तरी सगळं निघेल असं नाही."

"आन् तसंच टाकलं आसतं तर?"

क्रांतीनं खालचा ओठ चावला. "तर कदाचित काढायलाच काही राहिलं नसतं. मला नाही सांगता येत."

तानुबाईनं मान खाली घातली. मग पाटीतली काटकी घेऊन तिनं मातीवर रेघ ओढली.

"ह्ये बग. फुटायच्या आदी मधला तुकडा हितं हुता, पालथा, दात खाली. सुळ्याचा हितं, टोक उगवतीला. आन् ह्यो बारका दोन बोटं खाली, उबा." तिनं तिन्हींच्या जागा काढल्या. "कळपात दोनशे मेंढरं हायती. कंचं कुठं बसतंय, मला इसरत न्हाई."

क्रांतीनं वही उघडली. सकाळच्या फोटोवर ती ताडून पाहू लागली. दोन तुकडे फोटोत दिसत होते, ते तानुबाईनं सांगितल्यासारखेच होते. तिसरा तेव्हा मातीत होता. तो तिनं लिहून घेतला आणि पुढं लिहिलं: तानुबाईंच्या सांगण्यावरून.

"आनि एक," तानुबाई म्हणाली. "उचललं तवा खाली गोटं दिसलं. सगळं एकाच अंगाला निजल्यात."

"निजल्यात म्हणजे?"

"दुपारच्या उनात मेंढरं कशी उबी ऱ्हात्यात? ह्याच्या पोटाखाली त्याचं डोकं, त्याच्या पोटाखाली तिसऱ्याचं. तसं."

क्रांती पालथी पडली, गाल जवळजवळ मातीला लावून. चपटे, गुळगुळीत गोटे एकमेकांवर रेलून बसले होते. तिनं खिशातून होकायंत्र काढलं. अंधार पडेपर्यंत ती उठली नाही. राणीनं भाकरी खाली आणून दिली, ती तिनं एका हातानं खाल्ली.

गुरुवारी दोघींनी पट्टीच्या काठानं आणखी तीन ठिकाणी हातभर खरवडलं. दोन ठिकाणी तसेच गोटे लागले, तसेच झुकलेले. तिसऱ्या ठिकाणी नुसता मुरूम.

"वाहतं पाणी चपटे गोटे असे रचतं," क्रांती म्हणाली. "वरची कड पाणी जातं तिकडं कलते. आत्ताचा तुमचा ओढा कुठं जातो?"

"उगवतीला."

"आणि हे गोटे दक्षिणेला कललेत. म्हणजे तेव्हा नदी इथनं वळत होती आणि तुमच्या पट्टीखालनं, त्या बांधाच्या बाभळीकडं जात होती. पाणघोडा त्या नदीतला."

तानुबाईनं बाभळीकडं बघितलं. ओढ्यापासून दीडशे पावलं. तिथं कधी काही पिकलं नव्हतं.

"मंग तितं पानी हाय?"

"तसं मी म्हणत नाही," क्रांती घाईनं म्हणाली. "तिथं नदी होती, एवढंच म्हणते. गोट्यांतून पाणी चालतं, काळ्या दगडातून चालत नाही. पाऊस झाला तर चालेल. किती, कुठवर, ते मला माहीत नाही. माझ्या शब्दावर काही करू नका."

संध्याकाळी गाव लोटलं. पंचायतीला उभं राहायच्या तयारीत असलेल्या वीरधवलनं सकाळीच फ्लेक्स लावला होता: 'आपल्या गारळेवाडीत डायनासोर! हार्दिक अभिनंदन!' खाली त्याचाच हात जोडलेला फोटो. प्लास्टरमध्ये गुंडाळलेला जबडा एका बाजूला होता. क्रांतीनं घोंगडीवर सुटे तुकडे, दोन दात आणि गोटे मांडले आणि सांगितलं, "हातात घ्या. फक्त खाली बसून घ्या, म्हणजे पडले तर फुटणार नाहीत."

"म्याडम, डायनासोरच म्हना की," वीरधवल म्हणाला. "फ्लेक्स छापून झालाय."

"नाही म्हणता येत हो. इथला काळा दगड तप्त रसाचा आहे. तो रस सांडत होता त्याच काळात डायनासोर संपले. आणि उकळत्या रसात हाड टिकेल कसं? ही वरची माती पुष्कळ नंतरची, नदीनं आणलेली. त्यातलं जनावर पाणघोडा. वीस-तीस हजार वर्षांपूर्वीचा असेल, जास्तही असेल. तपासल्यावर कळेल."

"पानघोडा? हितं?" मागून कुणी तरी म्हणालं. "टँकरनं आला हुता का?"

सगळा जमाव हसला. क्रांतीही हसली. सयाजी काठावर उभा होता, तोही हसला, पण खाली आला नाही.

म्हाताऱ्या रंगूबाईनं दात हातात घेतला. बेलाचं पान बघून तिनं तो कपाळाला लावला. क्रांतीनं तिला अडवलं नाही, फक्त स्वतःचे दोन्ही हात दाताखाली धरून ठेवले.

"बाय, मंग ह्ये ग्येलं कुठं?" रंगूबाईनं विचारलं.

"हळूहळू पाऊस बदलला, नद्या आटत गेल्या. पाणी कमी झालं तशी ही जनावरं कमी झाली. शेवटची कशामुळं संपली, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही."

"जगाया ग्येली आसतील," रंगूबाई म्हणाली. "आमी न्हाई का जात?"

तिनं दात पदराला पुसून घोंगडीवर परत ठेवला.

शुक्रवारी सकाळी नऊला जबडा निघाला. सहा जणांनी घोंगडीच्या कडा धरून तो दरडीवरून वर घेतला आणि टेंपोत वाळूवर ठेवला. साचा काढून त्याची हुबेहूब प्रत शाळेला देईन, असं क्रांतीनं गुरुजींना लिहून दिलं. मग ती तानुबाईपाशी आली. तिनं तिचे हात हातात घेतले. उडदाचं पीठ नखांत अजून होतं.

"पाळीचं काय झालं, मावशी?"

"यील की मशीन."

सकाळी यंत्र आलं नाही. सयाजीचा डोह दहालाच झाला होता, पण त्यानं मग डाळिंबाच्या बागेकडं उतरायची वाट करून घेतली. वाट झाली तर तिच्या कडेची चर. तानुबाई दोनदा जाऊन बांधावर उभी राहिली. दुसऱ्यांदा सयाजी तिच्याकडं न बघता म्हणाला, "उरकल्यावर म्हटलं हुतं, तानुबाई." दिग्विजय नोकर माणूस. त्यानं यंत्रातून आईकडं बघितलं आणि चर ओढत राहिला.

दोनला यंत्र पट्टीत आलं. दिवस मावळायला पाच तास होते.

"आये, डोह न्हाई व्हनार," दिग्विजय म्हणाला. "निम्माबी न्हाई. खाली काळा दगूड हाय, फोडाय येळ लागतोय. विहिरीखाली जेवडं व्हईल तेवडं करतो."

तानुबाईनं राणीचा मोबाइल मागितला आणि नवऱ्याला लावला. मागं मेंढरांची बें बें आणि ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"निम्मीच पाळी हाय," ती म्हणाली. "आन् मी बांधाच्या बाभळीपशी खनावं म्हंते."

"बाभळीपशी? ओडा सोडून?" बिराप्पाचा आवाज चढला. "आदी हाडापायी पानी घालवलंस, आता खूळ लागलं व्हय? कोन म्हनलं तुला?"

"कोन न्हाई. ती पोरगी तर नगंच म्हनली. गोटं हायती तितं. झुकल्यालं."

"गोटं!" त्यानं तिकडं मेंढरांना हाळी दिली. "मी उद्या सकाळी पोचतोय. तोवर तुला काय करायचं ते कर. मंग माझ्याम्होरं रडू नगंस."

तिनं मोबाइल राणीला दिला. ओढ्याच्या कडेला पाच-सहा जण जमले होते. वीरधवल म्हणाला, "काकी, ओड्यात पानी ऱ्हातंय, बांधावर न्हाई. शेंबड्या पोराला कळतंय."

विहिरीखाली खणलं तर काय मिळणार, हे तिला माहीत होतं. गुडघाभर खळगा, श्रावणात भरेल आणि दसऱ्याआधी संपेल. कुणी नावं ठेवणार नाही. दिवाळीनंतर बिऱ्हाड परत घोड्यावर चढेल. बाभळीपाशी काय मिळेल, हे माहीत नव्हतं. काहीच मिळालं नाही तर गाव हसेल, आणि बिऱ्हाड तरीही घोड्यावरच चढेल.

ती बाभळीकडं चालत गेली, पायातली चप्पल काढून जमिनीवर ठेवली.

"हितं," ती म्हणाली. "ह्याच्या म्होरं."

"आये, एकदा खनलं की झालं बघ. परत मशीन न्हाई."

"ठावं हाय. लाव."

पहिला तास नुसती माती निघाली. मग मुरूम. बघणारे एकेक करून निघून गेले. साडेपाचला बकेट दोन पुरुष खोल गेली आणि आवाज बदलला. गोटे घरंगळत बाहेर पडले. तपकिरी, चपटे, हातानं घासल्यासारखे. तानुबाईनं पुढं होऊन बघितलं. कोरडे होते. दिग्विजयनं आणखी हातभर काढले. तेही कोरडेच. दिवस मावळला, मानसिंगचा फोन आला आणि यंत्र ट्रेलरवर चढलं. दिग्विजयनं जाताना आईच्या पायाला हात लावला. ती काय म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही.

शनिवारी उन्हं कोवळी असतानाच मेंढरं आली. बिराप्पा पुढं होता, खांद्यावर घोंगडी, पायांवर आठ दिवसांची धूळ. मेंढरं मेंढवाड्याकडं वळवून तो घरात न जाता सरळ बाभळीकडं आला. तानुबाई खड्ड्यात होती. यंत्रानं काठाची सुटी माती खाली लोटली होती आणि गोट्यांच्या थराचं तोंड बुजलं होतं. ती खुरप्यानं ते मोकळं करत होती.

तो काठावर उभा राहिला. खड्डा बघितला, ओढा बघितला, मधलं अंतर बघितलं.

"पानी?"

"न्हाई."

"टिपूसबी?"

"न्हाई. पाऊस न्हाई तर पानी कुठलं?"

"मंग ह्ये काय हाय?"

"पाऊस झाल्यावर कळंल." तिनं खुरपं थांबवलं नाही. "पर सांगून ठेवते. औंदा दिवाळीला मी येत न्हाई. पानी आलं तर मका करीन. न्हाई आलं तर हितंच मोलमजुरी करीन. नातवंडाला सोडून मी निघनार न्हाई. घोडं तू लाद."

बिराप्पानं खांद्यावरची घोंगडी काठावर टाकली. तीस वर्षांत ती त्याला इतकं सलग कधी बोलली नव्हती. तो उताराकडून घसरत खाली आला. गुडघ्यावर बसून त्यानं थराला हात लावला, एक गोटा हलवून बघितला. तो निघाला नाही. वरच्या गोट्यानं त्याला दाबून धरलं होतं.

"सगळं एकाच अंगाला झुकल्यात," तो म्हणाला.

"मंग मी काय सांगत हुते?"

"कुनीकडनं येत हुतं पानी?"

तिनं खुरप्यानं उत्तरेकडं, ओढ्याच्या वळणाकडं दाखवलं. त्यानं मान वर करून तिकडं बघितलं आणि मग खाली, थराच्या बुजलेल्या तोंडाकडं. वरच्या अंगाला अजून कंबरभर माती होती. खुरप्यानं ती महिनाभर निघाली नसती.

"तिकडनं येनार आसंल तर तिकडचंच त्वांड बुजवून ठेवलंय की गं तुज्या ल्येकानं," तो म्हणाला. त्यानं डोक्याचा पटका सोडला, बाभळीच्या मुळीवर ठेवला आणि बंडीच्या गुंड्या काढायला लागला. "टिकाव आन घरातनं. आन् पाटी. खुरप्यानं कुटं नदी उकरायची आसती व्हय?"

"आदी भाकरी खा. रातभर चालून आलायस."

"टिकाव आन आदी," बिराप्पा म्हणाला. "भाकरी हितंच दे."